४८ मुलं आणि एक सरळ रेषा

एप्रिल १९७१मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात चार पानांचा एक निबंध छापून आला. ‘उत्परिवर्तन आणि कर्करोग : रेटिनोब्लास्टोमाचा संख्याशास्त्रीय अभ्यास’ अशा अर्थाचं त्याचं शीर्षक. लेखक एकच, आल्फ्रेड नुडसन; ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ आणि आनुवंशशास्त्राचे अभ्यासक. निबंधात प्रयोगशाळेतला एकही प्रयोग नाही. पेशीची वाढ आणि तिचं विभाजन आवरून धरणाऱ्या प्रथिनांचा त्यात उल्लेख नाही, कारण तसं एखादं प्रथिन तोवर कुणी दाखवलेलंच नव्हतं. तरीही या प्रथिनांबद्दल वाचायला कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं, तर मी ही चार पानं पुढे करतो. जी वस्तू दिसत नाही, तिचं असणं केवळ तिच्या नसण्याच्या खुणांवरून कसं वाचावं, याचा इतका देखणा नमुना मला विज्ञानाच्या लेखनात दुसरा माहीत नाही.

त्या काळाची हवा लक्षात घेतली म्हणजे निबंधाचं वेगळेपण नीट उमगतं. कोंबड्यांमधली गाठ विषाणूमुळे होते हे दाखवणाऱ्या पेयटन राउस यांना १९६६मध्ये, मूळ शोधानंतर अर्धं शतक उलटल्यावर, नोबेल मिळालं होतं. कर्करोग घडवणारी विषाणूंची जनुकं आपल्या पेशींमध्ये आधीपासूनच दडलेली असतात, अशी कल्पना ह्यूबनर आणि टोडॅरो यांनी १९६९मध्ये मांडली होती. १९७१च्याच डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली, तेव्हाही आशेचा मोठा भाग विषाणूंच्या शोधावर लागलेला होता. पेशीला वाढायला भाग पाडणारं काहीतरी शोधायचं, ही सगळ्या शोधाची दिशा. उलट बाजूचा पुरावा थोडा होता. ऑक्सफर्डला हेन्री हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९मध्ये उंदराच्या कर्करोगी पेशी निरोगी पेशींशी जोडून एक केल्या, आणि त्या जोडपेशींचा घातकपणा मावळला. निरोगी पेशीत असं काहीतरी होतं, जे कर्करोगी पेशीने गमावलेलं होतं. हॅरिस यांचा हा प्रयोग माझ्या मते जितका वाचला जायला हवा होता तितका तेव्हा वाचला गेला नाही.

नुडसन दुसऱ्याच वाटेने आले, आणि त्यांची पहिली चतुराई विषयाच्या निवडीत आहे. मोठ्या माणसांचे कर्करोग वय वाढेल तसे झपाट्याने वाढतात. आर्मिटेज आणि डॉल यांनी १९५४मध्ये त्या वाढीच्या आकड्यांवरून असा हिशेब मांडला होता की अशा कर्करोगासाठी एकामागून एक सहा-सात बदल घडावे लागत असावेत. सहा-सात पायऱ्यांचा जिना एका नजरेत मोजता येत नाही. बालरोगतज्ज्ञाच्या मनात वेगळा प्रश्न येतो : वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला कर्करोग होतो, तेव्हा इतक्या पायऱ्या चढायला वेळ कुठे मिळाला? तिथे पायऱ्या कमी असणार, कदाचित मोजता येण्याइतक्या कमी. रेटिनोब्लास्टोमा म्हणजे डोळ्याच्या दृष्टिपटलाची गाठ. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला होते. बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसते, पुष्कळदा आईवडिलांनाच आधी, आणि आजकाल तर फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत. दृष्टिपटलाच्या वाढत्या पेशी आयुष्याच्या सुरुवातीच्या काळातच विभागतात, मग थांबतात, म्हणून हा आजार जवळपास पूर्णपणे पहिल्या काही वर्षांतला. आणखी एक सोय, जी क्रूर आहे पण अभ्यासाला मोलाची : डोळा ही अशी जागा आहे की तिथल्या गाठी आत डोकावून एकेक मोजता येतात.

या आजाराचे दोन चेहरे डॉक्टरांना आधीपासून माहीत होते. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो, बाधित आईबापांच्या साधारण निम्म्या मुलांमध्ये उतरतो. तिथे बहुधा दोन्ही डोळ्यांत गाठी होतात, एका डोळ्यात एकाहून अधिकही. इतर मुलांच्या घरात कुणालाच काही झालेलं नसतं. त्यांना बहुधा एका डोळ्यात एकच गाठ होते. हे दोन वेगळे आजार आहेत की एकच? नुडसन यांच्यापुढे रुग्णालयाच्या १९४४ ते १९६९ या काळातल्या नोंदी होत्या, एकूण ४८ मुलांच्या. २३ मुलांचे दोन्ही डोळे बाधित, २५ मुलांचा एक. प्रत्येकापुढे निदानाच्या वेळचं वय, महिन्यांत. त्या तक्त्याकडे मी नेहमी जरा जास्त वेळ पाहतो. पंचवीस वर्षांत कुणाकुणाच्या घरावर कोसळलेली दुःखं तिथे एका आकड्याची होऊन बसली आहेत, आणि लेखक त्यांच्याबद्दल एक शब्दही जास्त बोलत नाही. माझ्या वाचनात तो संयम कोरडेपणाचा नाही. एवढ्या थोड्या माहितीवर जितकं बोलता येईल तितकंच बोलायचं, हा त्या मुलांबद्दलचाच आदर आहे.

आता निबंधाचा गाभा. नुडसन म्हणतात : समजा, गाठ होण्यासाठी पेशीत दोन घटना घडाव्या लागतात, दोन उत्परिवर्तनं. घराण्यातून आजार आलेल्या मुलात पहिली घटना बीजपेशीतच घडलेली असते, म्हणून ती त्याच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत असते. दुसरी मात्र दृष्टिपटलातल्या एखाद्या पेशीत योगायोगाने घडावी लागते. ज्या मुलाच्या घरात आजार नाही, त्याच्या एकाच पेशीत दोन्ही घटना, एकीनंतर एक, घडाव्या लागतात. एवढंच गृहीतक. पुढचं सगळं त्यातून उकलत जातं.

आधी ‘तीन’ या आकड्याची गोष्ट. पहिलं उत्परिवर्तन घेऊन जन्मलेल्या मुलाला सरासरी तीन गाठी होतात, असं नुडसन काढतात. पण सरासरी तीन याचा अर्थ प्रत्येकाला तीन असा नव्हे. वळवाच्या पहिल्या सरीचे टपोरे थेंब अंगणातल्या फरशांवर पडतात, तेव्हा एखाद्या फरशीवर चार पडतात, एखादीवर एक, आणि एखादी कोरडीच राहते. या विखुरण्याला प्वासाँ यांच्या नावाने ओळखलं जाणारं गणित आहे. तेच गणित इथे लावायचं. दोन्ही डोळे मिळून सरासरी तीन, म्हणजे एका डोळ्याला दीड. मग एकही गाठ न होण्याची शक्यता निघते सुमारे ५ टक्के. एकाच डोळ्यात गाठ होण्याची सुमारे ३५ टक्के. दोन्ही डोळ्यांत, सुमारे ६० टक्के. घराण्यांच्या नोंदी नेमक्या याच घरात जाऊन बसतात. ज्या आजोबांना काहीच झालं नाही पण ज्यांच्या मुलाला आणि नातीला झालं, त्यांचं कोडं त्या पाच टक्क्यांत सुटतं. आजार ‘एक पिढी टाकून’ येतो, असं जे गूढ वाटत होतं, त्यात गूढ काहीच उरत नाही. त्या आजोबांच्या बाबतीत दुसरी घटना घडली नाही, इतकंच. एका आकड्याने तीन वेगवेगळी कोडी सुटावीत, आणि तीही जास्तीचं काही गृहीत न धरता, याला मी सौंदर्य म्हणतो.

याच जागी एक विरोधाभास आहे, आणि निबंधाचा खरा रस मला त्यात वाटतो. दोन्ही दृष्टिपटलांत मिळून घडणीच्या काळात लाखो पेशी असतात. त्यांतल्या सरासरी तीनच बिघडतात. म्हणजे पेशीच्या बाजूने पाहिलं तर दुसरी घटना अत्यंत दुर्मीळ. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर ती जवळपास अटळ, शंभरात पंच्याण्णव वेळा. घराण्याच्या वंशवेलीत हे उत्परिवर्तन प्रभावी दिसतं, एक बिघडलेली प्रत मिळाली की आजार ठरलेला. आणि पेशीच्या आत तेच अप्रभावी असतं, एक प्रत बिघडली तरी पेशी व्यवस्थित चालते. आवरणारी वस्तू एकाऐवजी दोन ठिकाणाहून तयार होत असेल, आणि एक ठिकाण बंद पडलं तरी काम भागत असेल, तरच असं घडू शकतं. नुडसन हे वाक्य लिहीत नाहीत. पण ते लिहिण्याची वेळ त्यांनी आणून ठेवलेली असते.

मग आकृती येते. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर अजून निदान न झालेल्या मुलांचं प्रमाण, तेही लॉगच्या मापाने. दोन्ही डोळे बाधित असलेल्या मुलांचे बिंदू एका सरळ रेषेत उतरत जातात. एकाच डोळ्याच्या मुलांचे बिंदू आधी खांद्यासारखे टेकून राहतात आणि मग वाकत खाली येतात. रेषा सरळ का? कारण तिथे एकाच घटनेची वाट पाहायची आहे, आणि ती घडण्याची शक्यता दर महिन्याला सारखीच. उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा दर महिन्याला कमी होत जातो. दुसरी रेषा वाकडी का? कारण आधी पहिल्या घटनेला वेळ द्यावा लागतो, त्या घडलेल्या पेशी साठाव्या लागतात, मग दुसरीला संधी मिळते. दोन रेषांच्या आकारातला फरक म्हणजे एका घटनेचा फरक. जनुक कुठलं, ते काय करतं, त्यातून कुठलं प्रथिन तयार होतं, यांपैकी काहीही माहीत नसताना घटनांची संख्या हाती लागते.

चिकित्सक वाचकाने इथे हात आखडता घ्यायला हवा, हेही खरं. इतक्या थोड्या बिंदूंवरून काढलेली वक्ररेषा एकटीच ‘दोन’ सिद्ध करत नाही. शिवाय एकाच डोळ्याच्या २५ मुलांमध्ये काही मुलं घराण्यातून उत्परिवर्तन घेऊन आलेली असणारच, त्यामुळे तो गट निर्भेळ नाही. बीजपेशीतलं उत्परिवर्तन कधीकधी ‘विलंबाने’ घडत असावं, अशी जी पुरवणी सारांशाच्या शेवटी जोडली आहे, ती मला निबंधाच्या अंगावर न बसलेली वाटते; आईबापांच्या फक्त काही पेशींत उत्परिवर्तन असणं या साध्या गोष्टीने तशा बऱ्याच घराण्यांचा उलगडा नंतर झाला. मात्र एक वाक्य सहज नजरेतून निसटतं, ते निसटू देऊ नये. पहिल्या उत्परिवर्तनाचा वेग आणि दुसऱ्याचा वेग जवळपास सारखा निघतो, असं नुडसन नोंदवतात. सारखा का असावा? दोन्ही घटना एकाच जातीच्या असतील तर. डेव्हिड कमिंग्स यांनी १९७३मध्ये ते उघड मांडलं : एकाच जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची, आणि दोन्ही निकामी होणं.

पुढची पंधरा वर्षं मी भराभर सांगतो. काही मुलांच्या तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला दिसत होता, त्यामुळे जागा कळली होती. १९८३मध्ये वेबस्टर कॅव्हेनी आणि सहकाऱ्यांनी एकाच मुलाचं रक्त आणि त्याचीच गाठ शेजारी ठेवून पाहिली : रक्तात तेराव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रतींच्या खुणा, गाठीत मात्र एकाच प्रतीच्या. दुसरी घटना कशी असते हे प्रथमच डोळ्यांना दिसलं. १९८६मध्ये स्टीफन फ्रेंड, रॉबर्ट वाइनबर्ग, थॅडियस ड्रायजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुक हाती आणलं. तेही नसण्यावरूनच सापडलं, गाठींमधून गायब झालेल्या डीएनएच्या तुकड्यावरून. वेन-ह्वा ली यांच्या गटाने लगोलग त्याची रचना वाचली, आणि १९८८मध्ये ते जनुक रेटिनोब्लास्टोमाच्या पेशींत परत घातलं तेव्हा त्यांची उंदरांत गाठ करण्याची ताकद खचली.

त्या जनुकातून तयार होणारं प्रथिन म्हणजे आरबी, ९२८ अमिनो आम्लांची माळ. ते फक्त डोळ्यात असेल अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती चुकली. ते आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतं. आणि आता त्याच्या घडणीकडे त्याच नजरेने पाहावं, ज्या नजरेने आपण निबंधाकडे पाहिलं. आरबीच्या अंगात एक खोबण आहे. तिथे ते ई२एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवतं. डीएनएची नक्कल करायला लागणारी जनुकं जागी करणं हे ई२एफचं काम. आरबी त्याचा नेमका तोच भाग झाकून बसतं ज्याने ते जनुकांना जागवतं. एवढ्यावर न थांबता ते डीएनए घट्ट गुंडाळून ठेवणाऱ्या विकरांनाही तिथे बोलावतं, म्हणजे त्या जनुकांपर्यंत दुसरं कुणी पोहोचू नये. पेशीला बाहेरून वाढीचा निरोप आला की सायक्लिन डी नावाचं प्रथिन तयार होतं, ते सीडीके४ आणि सीडीके६ या विकरांना कामाला लावतं, आणि ते आरबीवर फॉस्फेट चढवतात. मग सायक्लिन ई आणि सीडीके२ उरलेले फॉस्फेट चढवतात. अशा फॉस्फेटच्या जागा डझनाहून अधिक आहेत. पुरेसे चढले की आरबीची ठेवण बदलते, खोबण सैल होते, ई२एफ सुटतं. तिथून पुढे बाहेरचा निरोप बंद झाला तरी पेशी विभाजन पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही. हा न परतण्याचा बिंदू आर्थर पार्डी यांनी १९७४मध्ये, आरबीचं नावही नसताना, केवळ पेशींना उपाशी ठेवून ओळखला होता.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की आरबी या सगळ्यात नष्ट होत नाही. विभाजन संपता संपता फॉस्फेट उतरवले जातात, आणि दोन्ही नव्या पेशींत तेच प्रथिन पुन्हा ई२एफला धरतं. नकार कायमचा नाही, परवानगीही कायमची नाही. प्रत्येक फेरीत पेशीला नव्याने विचारावं लागतं. या रचनेला आणखी थर आहेत. १९९३मध्ये सापडलेलं पी१६ हे प्रथिन सीडीके४ला अडवून आरबीला त्याच्या जागी टिकवतं. त्याच वर्षीचं पी२१, डीएनएला इजा झाली की पी५३ या दुसऱ्या एका प्रथिनाच्या हुकमावरून येतं. १९९४मधलं पी२७ आणखी वेगळ्या निरोपांना ओ देतं. पी२७ नसलेले उंदीर १९९६मध्ये तयार केले गेले तेव्हा ते भावंडांपेक्षा जवळपास तृतीयांशाने मोठे झाले, शरीरातले अनेक अवयव वाढलेले. आपल्या देहाचं आकारमान म्हणजे पेशींना ‘थांबा’ म्हणणाऱ्या अशा रेणूंनी राखलेलं आकारमान आहे, हे मला त्या उंदरांमुळे पहिल्यांदा खरं वाटलं.

एखाद्या वस्तूचं मोल तिच्या शत्रूंकडूनही कळतं. १९८८मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत दिसलं की अॅडिनोव्हायरसचं ई१ए हे प्रथिन पेशीतल्या ज्या प्रथिनाला चिकटतं ते आरबीच आहे. त्याच वर्षी माकडांच्या एसव्ही४० या विषाणूबद्दल तेच दिसलं, आणि १९८९मध्ये पॅपिलोमा विषाणूच्या ई७बद्दल. एकमेकांशी नात्याने फार लांब असलेले तीन विषाणू, आणि तिघांकडे आरबीच्या खोबणीत बसणारी अमिनो आम्लांची तीच छोटी खूण. विषाणूला स्वतःची नक्कल करायला विभागणारी पेशी हवी असते, म्हणून जो तो त्याच दाराशी येतो. विषाणूंमध्ये पेशीला पळवणारं जनुक शोधायला निघालेल्या पिढीला विषाणूंनीच आवरणाऱ्या प्रथिनापर्यंत आणून सोडलं.

ई७चं नाव निघालं की मला धाराशिव जिल्हा आठवतो, तेव्हाचा उस्मानाबाद. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो, आणि तिथे ई७ आरबीला नुसतं धरत नाही, ते मोडून टाकण्याची व्यवस्था करतं. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या माणसांनी, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने, त्या जिल्ह्यातल्या ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर अभ्यास केला. ज्या गटाला विषाणूच्या डीएनएची चाचणी एकदाच देऊ केली गेली, त्या गटात आठ वर्षांच्या पाठपुराव्यात या कर्करोगाने झालेले मृत्यू, नेहमीच्या सेवेवर सोडलेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्मे होते. निकाल २००९मध्ये प्रसिद्ध झाला. पेशीतल्या एका खोबणीत काय घडतं याच्याशी ओझे वाहणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या बायकांच्या आयुष्याचा इतका थेट संबंध आहे, हे या विषयावर लिहिताना दर वेळी सांगावंसं वाटतं.

एक जागा मात्र अजून मला पुरती उलगडलेली वाटत नाही. आरबी सगळीकडे आहे, मग ते गेल्यावर बाळाचा डोळाच का? उंदरात आरबीची एक प्रत काढली तर डोळ्यात गाठ होतच नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीत होते. दोन्ही प्रती काढल्या तर पिल्लू जन्मतच नाही, गर्भातच मरतं. उंदराच्या दृष्टिपटलात आरबीचा चुलतभाऊ पी१०७ त्याची जागा घेतो. माणसात संशय आहे तो रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींच्या पूर्वजांवर : त्यांच्यात वाढीला पोषक अशी काही प्रथिनं मुळातच भरपूर असतात, आणि आरबी हा तिथला जवळपास एकटा पहारा. कोणत्या पेशीला कोणता नकार किती एकट्याने सांभाळावा लागतो, हा प्रश्न प्रत्येक अवयवासाठी वेगळा विचारावा लागणार आहे.

हा प्रश्न उरला असला, तरी आरबीच्या कामाचा एक उपयोग डॉक्टरांच्या हाती आला आहे. २०१५मध्ये अमेरिकेत पॅल्बोसिक्लिब या गोळीला स्तनांच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ती कर्करोगी पेशीला मारायला जात नाही. ती सीडीके४ आणि सीडीके६ यांना अडवते, म्हणजे पी१६ जे करतं साधारण तेच करते, आणि आरबीवर फॉस्फेट चढू देत नाही. पेशीतलं स्वतःचं आरबी मग ई२एफला धरून ठेवतं. म्हणूनच ज्या गाठीने आरबी आधीच गमावलेलं असतं, तिच्यावर या गोळीचा उपयोग होत नाही.